चिल्ड वॉटर यंत्रणेतील समांतर प्लेट हीट एक्स्चेंजरचे नियंत्रण कसे करावे

दोनशे मीटर उंचीच्या इमारतीत तळघरातल्या चिलरपासून (पाणी थंड करणारे यंत्र) सर्वांत वरच्या मजल्यावरच्या एएचयूपर्यंत (थंड पाण्याच्या कॉइलवरून हवा नेऊन ती थंड करणारे यंत्र) पाण्याचा एकच सलग स्तंभ ठेवला, तर पंप बंद असतानाही तळाशी सुमारे २० बार दाब राहतो, कारण दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब वाढतो. नेहमीच्या वापरातले बहुतेक व्हॉल्व्ह, स्ट्रेनर (गाळण्या) आणि कॉइल १६ बार किंवा त्याहून कमी दाबाचे असतात. म्हणून अशा इमारतींत मधल्या एखाद्या सर्व्हिस मजल्यावर प्लेट हीट एक्स्चेंजर (दोन पाणी न मिसळता पातळ प्लेटांमधून एकाची उष्णता दुसऱ्याला देणारे उपकरण) बसवून पाण्याचे दोन स्वतंत्र भाग केले जातात. खालचा भाग चिलरचा, म्हणजे प्रायमरी. वरचा भाग एएचयूंचा, म्हणजे सेकंडरी, आणि त्याला स्वतःचे पंप व स्वतःची एक्स्पान्शन टाकी असते. डिस्ट्रिक्ट कूलिंगमध्येही (एका केंद्रातून अनेक इमारतींना थंड पाणी पुरवण्याची व्यवस्था), मग ते गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीतले असो की आखाती शहरांतले, कंपनीचे पाणी आणि इमारतीचे पाणी वेगळे ठेवण्यासाठी बहुतेक ठिकाणी हीच मांडणी असते. पुढचे विवेचन तिथेही लागू पडते.

एक्स्चेंजर सहसा एकच नसतो. दुरुस्ती आणि सफाईच्या वेळी थंडावा बंद पडू नये म्हणून दोन, तीन किंवा अधिक एक्स्चेंजर एकाच हेडरवर, म्हणजे सामाईक मुख्य नळीवर, समांतर जोडतात, आणि नियंत्रणाचे खरे प्रश्न इथून सुरू होतात. एकट्या एक्स्चेंजरचे तापमान सांभाळणे अवघड नाही. समांतर जोडणीत मात्र एकाच्या अवस्थेचा परिणाम दुसऱ्यावर होतो, आणि बीएमएसच्या (इमारतीच्या यंत्रणा चालवणाऱ्या संगणकीय प्रणालीच्या) पडद्यावर सगळे व्हॉल्व्ह नीट चालताना दिसत असूनही वरच्या मजल्यांवर दमटपणा वाढत राहतो.

आकडेमोड सोपी जावी म्हणून एक उदाहरण धरू. वरच्या भागाचा कमाल भार १००० टन (रेफ्रिजरेशन टन), म्हणजे सुमारे ३५१७ किलोवॅट आहे. सेकंडरी पाणी ८ अंश सेल्सिअसला वर जाते आणि १४ अंशांना परत येते. पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१९ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश धरली, तर ६ अंशांच्या फरकासाठी १४० लिटर प्रति सेकंद प्रवाह लागतो. प्रायमरी पाणी ६.५ अंशांना येते आणि १२.५ अंशांना परत जाते. एक्स्चेंजर तीन आहेत आणि प्रत्येक ५०० टनांचा आहे. म्हणजे दोन पूर्ण भार पेलतात आणि तिसरा राखीव आहे. प्रत्येकाचा डिझाइन प्रवाह दोन्ही बाजूंना ७० लिटर प्रति सेकंद आहे, आणि अ‍ॅप्रोच, म्हणजे प्रायमरीचे येणारे व सेकंडरीचे जाणारे पाणी यांतला फरक, दीड अंश आहे. हा दीड अंश पुढे सतत लक्षात ठेवावा लागेल.

बंद एक्स्चेंजरमधून जाणारे पाणी

सर्वांत आधी तपासण्याची गोष्ट पीआयडी लूप (मोजलेल्या तापमानावरून व्हॉल्व्ह आपोआप हलवणारे नियंत्रण) नव्हे. ‘बंद’ असलेला एक्स्चेंजर खरोखर दोन्ही बाजूंनी बंद आहे का, हे आधी पाहावे.

अनेक ठिकाणी खर्च वाचवण्यासाठी फक्त प्रायमरी बाजूला मोटराइज्ड कंट्रोल व्हॉल्व्ह दिलेला असतो आणि सेकंडरी बाजूला हाताने फिरवायचे बटरफ्लाय व्हॉल्व्ह असतात, जे कायम उघडे राहतात. राखीव एक्स्चेंजरचा प्रायमरी व्हॉल्व्ह बंद झाला की तो एक्स्चेंजर सेवेतून गेला, असे बीएमएस धरते. सेकंडरी पाणी मात्र तिन्ही एक्स्चेंजरमधून सारखेच वाहत राहते. दोन चालू एक्स्चेंजरमधून ८ अंशांचे पाणी निघाले आणि तिसऱ्यातून १४ अंशांचे परतीचे पाणी जसेच्या तसे पुढे गेले, तर हेडरवर मिश्रण १० अंशांचे होते. लूपला हेडरवर ८ अंश हवे असतात, म्हणून तो चालू एक्स्चेंजरचे व्हॉल्व्ह उघडत जातो. हेडरवर ८ अंश मिळायचे, तर त्या दोन एक्स्चेंजरमधून ५ अंशांचे पाणी निघायला हवे, आणि प्रायमरी पाणीच ६.५ अंशांचे असल्याने ते कधीही शक्य नाही. परिणामी दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडे राहतात, चिलरकडे गरजेपेक्षा जास्त आणि गरजेपेक्षा थंड पाणी परत जाते, आणि चिलरची क्षमता शिल्लक असतानाही आणखी एक चिलर सुरू करावा लागतो.

मुंबईच्या पावसाळ्यात या दोन अंशांची किंमत लगेच कळते. २४ अंश तापमान आणि ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या खोलीचा दवबिंदू सुमारे १४.४ अंश असतो. हवेतले बाष्प काढायचे तर कॉइलचा पृष्ठभाग त्याच्या बराच खाली असावा लागतो. ८ ऐवजी १० अंशांचे पाणी मिळाले, तर खोलीचे तापमान कसेबसे सांभाळले जाते. आर्द्रता मात्र वर चढते, ग्रिलला घाम येतो आणि फॉल्स सीलिंगवर डाग पडतात.

उपाय सरळ आहे. प्रत्येक एक्स्चेंजरच्या सेकंडरी बाजूला उघड-बंद होणारा मोटराइज्ड बटरफ्लाय व्हॉल्व्ह द्यावा, आणि तो खरोखर बंद झाल्याची खूण म्हणून एंड-स्विचचा सिग्नल बीएमएसला जोडावा. जुन्या इमारतीत मोटर लावणे लगेच शक्य नसेल, तर राखीव एक्स्चेंजर हाताने दोन्ही बाजूंनी बंद करावा किंवा तिन्ही एक्स्चेंजर कायम चालू ठेवावेत. अर्धवट बंद असलेला एक्स्चेंजर ही या मांडणीतली सर्वांत वाईट अवस्था आहे.

किती एक्स्चेंजर चालू ठेवावेत

चिलर किंवा पंपांच्या बाबतीत लागतील तेवढेच चालवावे, अशी आपली सवय असते. एक्स्चेंजरला ती लागू करू नये. त्याला वीज लागत नाही. त्याच्याकडे फक्त पृष्ठभाग आहे, आणि तो पृष्ठभाग असून न वापरणे म्हणजे पंपाकडून उगाच जास्त काम करून घेणे होय.

वरच्या उदाहरणात पूर्ण भाराला दोनऐवजी तिन्ही एक्स्चेंजर चालू ठेवले, तर प्रत्येकातला प्रवाह ७० वरून सुमारे ४७ लिटर प्रति सेकंद होतो. दाबातली घट प्रवाहाच्या साधारण १.७५ व्या घाताने बदलते, त्यामुळे ५० किलोपास्कलची घट सुमारे २५ किलोपास्कलवर येते. १४० लिटर प्रति सेकंद प्रवाहावर सेकंडरी पंपाची साडेचार ते पाच किलोवॅट शक्ती एवढ्यानेच वाचते. मात्र त्यासाठी पंपाचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) दूरच्या एएचयूजवळच्या दाब-फरकावर चालत असायला हवा. दाब-फरकाचा सेन्सर पंपाच्या शेजारी असेल, तर पंप तोच दाब निर्माण करत राहील आणि वाचलेला दाब एएचयूंच्या व्हॉल्व्हवर वाया जाईल.

अ‍ॅप्रोचमधला फायदा मात्र अनेकांना वाटतो तेवढा मोठा नसतो. प्रवाह कमी झाला की प्लेटांमधली खळबळही कमी होते आणि उष्णता-संक्रमण गुणांक घसरतो. त्यामुळे पृष्ठभाग दीडपट झाला, तरी अ‍ॅप्रोच १.५ अंशांवरून सुमारे १.३५ ते १.४ अंशांवर येतो, एवढेच. तरीही हा फायदा फुकटचा आहे, आणि प्रायमरी पाणी थोडे कमी लागते.

मग मर्यादा कुठे येते? प्रवाह फारच कमी झाला, की प्लेटांमधले पाणी संथ होते, गाळ बसू लागतो, आणि कंट्रोल व्हॉल्व्ह अगदी थोड्या उघडीवर काम करू लागल्याने तापमान वरखाली होत राहते. किमान प्रवाहाचा आकडा उत्पादकाकडून लेखी घ्यावा. इथे डिझाइनच्या ३० टक्के, म्हणजे दर एक्स्चेंजरला २१ लिटर प्रति सेकंद, असा धरू. त्यावरून नियम असा बनतो: एकूण सेकंडरी प्रवाह ६३ लिटर प्रति सेकंदाच्या खाली सलग १५ मिनिटे राहिला, तर तीनवरून दोनवर यावे, आणि ४२ च्या खाली राहिला, तर दोनवरून एकावर यावे. परत वाढवताना उंबरठा थोडा वर ठेवावा, म्हणजे नवा एक्स्चेंजर जोडल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला निदान २५ लिटर प्रति सेकंद येतील. त्यानुसार ५० च्या वर गेल्यावर दुसरा आणि ७५ च्या वर गेल्यावर तिसरा जोडावा. या दोन उंबरठ्यांत अंतर ठेवले नाही, तर संध्याकाळी भार उतरताना मोटराइज्ड व्हॉल्व्ह दर काही मिनिटांनी उघडझाप करत राहतात आणि त्यांचे गिअर लवकर झिजतात.

संख्येचा निर्णय प्रवाहावर घ्यावा, तापमानावर नव्हे. हेडरचे तापमान वाढले म्हणून एक्स्चेंजर जोडणारा प्रोग्राम चिलर ट्रिप झाल्यावरही एक्स्चेंजर जोडत बसतो, आणि खरे कारण झाकले जाते.

जोडण्याचा आणि काढण्याचा क्रम

काही तास बंद असलेल्या एक्स्चेंजरमधले पाणी प्लांट रूमच्या तापमानाला आलेले असते. त्याचा सेकंडरी व्हॉल्व्ह आधी उघडला, तर ते कोमट पाणी आणि त्यामागोमाग परतीचे पाणी थेट पुरवठ्यात जाते. म्हणून जोडताना आधी प्रायमरी कंट्रोल व्हॉल्व्ह २० ते ३० टक्के उघडून प्लेटा थंड होऊ द्याव्यात. एक्स्चेंजरच्या प्रायमरी बाहेर जाणाऱ्या नळीचे तापमान खाली आले, की सेकंडरी व्हॉल्व्ह सावकाश, दीड ते दोन मिनिटांत, पूर्ण उघडावा. काढताना क्रम उलटा ठेवावा: आधी सेकंडरी व्हॉल्व्ह बंद करावा, त्याचा एंड-स्विच आल्याची खात्री करावी, आणि मगच प्रायमरी बंद करावा.

दोन इंटरलॉक (प्रोग्राममधल्या सुरक्षेच्या अटी) इथे आवश्यक आहेत. सेकंडरी पंप चालू असताना शेवटचा उघडा एक्स्चेंजर कोणत्याही आदेशाने बंद होता कामा नये, कारण पंप बंद मार्गावर चालत राहिला, तर त्याच्यातले पाणी तापत जाते आणि सील खराब होते. दुसरे म्हणजे, उघडण्याचा आदेश देऊन ठरलेल्या वेळेत एंड-स्विच आला नाही, तर प्रोग्रामने तो एक्स्चेंजर बाद धरून पुढचा घ्यावा आणि अलार्म द्यावा.

अग्रक्रम आठवड्यातून एकदा आपोआप बदलावा. बरेच दिवस साचलेल्या पाण्यात रसायनांचा परिणाम ओसरतो आणि जैविक थर वाढतो. शिवाय महिनोन्महिने न हललेला बटरफ्लाय व्हॉल्व्ह नेमका गरजेच्या वेळी अडकतो.

एक लूप की तीन

तीन व्हॉल्व्हना तीन स्वतंत्र लूप देऊन तिघांनाही एकाच हेडर सेन्सरवर काम करायला लावणे ही मोठी चूक आहे. प्रत्येक लूपचा इंटिग्रल भाग, म्हणजे वेळेनुसार साचत जाणाऱ्या फरकावर चालणारा भाग, तोच फरक आपापल्या परीने भरून काढू पाहतो. लूपांना मिळणाऱ्या वाचनात किंवा वेळेत किंचित जरी तफावत असली, तरी एक व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो, दुसरा पूर्ण मिटतो, आणि हेडरचे तापमान बरोबर दिसत असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही.

दोन मांडण्या योग्य आहेत. पहिलीत हेडरवरच्या सेन्सरचा एकच पीआय (प्रोपोर्शनल-इंटिग्रल) लूप असतो आणि त्याचा आदेश सेवेत असलेल्या सर्व व्हॉल्व्हना सारखाच जातो. दुसरीत प्रत्येक एक्स्चेंजरच्या स्वतःच्या बाहेर जाणाऱ्या पाण्यावर स्वतंत्र लूप असतो आणि सर्वांचा सेटपॉइंट (हवे असलेले तापमान) एकच असतो. एक्स्चेंजर एकाच मापाचे आणि एकाच वयाचे असतील, तर पहिली मांडणी निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यात ट्यूनिंग (लूपचे आकडे बसवणे) एकदाच करावे लागते, आणि सर्वांना आदेश सारखा असल्याने कोणाचे काम ढासळले आहे, हे तुलनेने लगेच कळते. मापे वेगवेगळी असतील किंवा एखादा नंतर वाढवलेला असेल, तर दुसरी मांडणी बरी.

पहिल्या मांडणीत एक बारकावा सांभाळावा लागतो. दोन एक्स्चेंजर ६० टक्के आदेशावर चालू असताना तिसरा जोडला आणि आदेश ६० टक्केच राहिला, तर प्रायमरी प्रवाह अचानक दीडपट होतो आणि पाणी गरजेपेक्षा थंड होते. आदेशाच्या प्रमाणात प्रवाह देणारे व्हॉल्व्ह असतील, तर जोडण्याच्या क्षणी आदेश दोन तृतीयांश, म्हणजे ४० टक्के करावा, आणि काढताना त्याच हिशेबाने वाढवावा. व्हॉल्व्हची वक्ररेषा इक्वल-पर्सेंटेज (आधी सावकाश आणि पुढे झपाट्याने प्रवाह वाढवणारी) असेल, तर हा हिशेब त्या वक्ररेषेवरून करावा लागतो.

व्हॉल्व्हची निवडही इथेच महत्त्वाची ठरते. साधा दोन-मार्गी व्हॉल्व्ह असेल, तर एक एक्स्चेंजर मिटला की उरलेल्यांवर दाब वाढतो आणि त्यांचा प्रवाह आदेश न बदलताही वाढतो. दाबाच्या बदलाने प्रवाह न बदलणारा पीआयसीव्ही हा परिणाम टाळतो आणि कमाल प्रवाहावर मर्यादाही घालतो. मात्र त्याला स्वतःला ठरावीक किमान दाब-फरक लागतो. कमिशनिंगच्या (यंत्रणा सुरू करून तपासण्याच्या) वेळी सर्व व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवून, चिलर प्लांटपासून सर्वांत दूरच्या एक्स्चेंजरवर तो मिळतो का, हे गेज लावून पाहावे. तो मिळत नसेल, तर त्या व्हॉल्व्हचे मुख्य वैशिष्ट्यच हरवते.

ट्यूनिंग कमी भाराला करावे. प्लेट एक्स्चेंजरमध्ये पाणी थोडे असते आणि तो लगेच प्रतिसाद देतो; कमी प्रवाहाला तर व्हॉल्व्हच्या लहानशा हालचालीनेही तापमान बरेच बदलते. दुपारी पूर्ण भाराला स्थिर वाटणारा लूप पहाटे तीन वाजता झोके घेऊ लागतो, त्याचे कारण हेच. सुरुवातीला प्रोपोर्शनल बँड (तापमानाच्या जेवढ्या फरकात आदेश शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत जातो तो पट्टा) १० ते १५ अंश आणि इंटिग्रल वेळ दोन ते तीन मिनिटे ठेवावा. डेरिव्हेटिव्ह (बदलाच्या वेगावर चालणारा भाग) वापरू नये. मग आदेश हाताने पाच टक्क्यांनी वाढवून हेडरच्या तापमानाचा आलेख दर पाच सेकंदांच्या नोंदीने पाहावा आणि त्यावरून आकडे सुधारावेत. पंपाचा दाब-लूप वेगवान आणि तापमानाचा लूप त्याहून बराच सावकाश असावा, म्हणजे दोघे एकमेकांचा पाठलाग करत नाहीत.

सेटपॉइंट प्रायमरीशी बांधावा

सेकंडरीचा सेटपॉइंट ८ अंशांवर कायमचा गोठवून ठेवणे धोक्याचे आहे. एखाद्या दुपारी चिलरकडून पाणी ६.५ ऐवजी ७.५ अंशांना आले, तर ८ अंश मिळवण्यासाठी अर्ध्या अंशाचा अ‍ॅप्रोच लागेल. दीड अंशासाठी घेतलेल्या एक्स्चेंजरला पूर्ण भारात तो कधीच जमणार नाही. लूपला हे माहीत नसते. तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडून ठेवतो, प्रायमरी प्रवाह कमाल मर्यादेला जातो, आणि परतीचे पाणी थंडच परत जाते. चिलरकडचा तापमान-फरक असा घसरला, की आधीच अडचणीत असलेला प्लांट आणखी अडचणीत येतो. डिस्ट्रिक्ट कूलिंगच्या अनेक करारांत कमी फरकाबद्दल ग्राहकाला दंडही असतो.

म्हणून सेटपॉइंट असा काढावा: प्रायमरीच्या येणाऱ्या पाण्याचे पाच मिनिटांचे सरासरी तापमान अधिक दीड अंश, पण ८ अंशांपेक्षा कमी नाही. प्रायमरी ७.५ झाले, तर सेटपॉइंट ९ होईल आणि व्हॉल्व्ह आपल्या मर्यादेत काम करत राहील. वरची सीमाही ठेवावी. पावसाळ्यात सेटपॉइंट ९.५ ते १० च्या पुढे जाऊ लागला, तर तो चिलर प्लांटचा प्रश्न आहे, असे मानून तिथे अलार्म द्यावा.

सेन्सर

सगळा खेळ दीड अंशाचा असताना सेन्सर अर्ध्या अंशाने चुकत असेल, तर अ‍ॅप्रोचचा एक तृतीयांश भाग त्या चुकीतच जातो. पीटी-१०० (प्लॅटिनमच्या रोधावरून तापमान मोजणाऱ्या) सेन्सरच्या बी वर्गाला शून्य अंशाला ०.३ अंश चूक मान्य असते, ए वर्गाला ०.१५ अंश. इथे ए वर्गच घ्यावा. बसवण्यापूर्वी सर्व सेन्सर एका बादलीत, कुटलेला बर्फ आणि थोडे पाणी यांच्या मिश्रणात, एकत्र बुडवून ढवळत राहावे आणि बीएमएसवर प्रत्येकाचे वाचन पाहावे. ते शून्याच्या जवळ असायला हवेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे सगळ्यांचे वाचन एकमेकांशी ०.१ अंशाच्या आत जुळायला हवे. ही तपासणी वायर आणि कंट्रोलरच्या इनपुटसह होते, म्हणून ती प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रापेक्षा इथे जास्त उपयोगी पडते.

थर्मोवेल (सेन्सर आत ठेवण्याचा बंद टोकाचा खिसा) पाण्याच्या मध्यापर्यंत पोहोचणारा असावा आणि आत उष्णतावाहक पेस्ट भरलेली असावी. हेडरचा सेन्सर शेवटच्या एक्स्चेंजरच्या जोडणीनंतर पुरेशा अंतरावर, पाणी नीट मिसळल्यावर बसवावा. पण इतका दूरही नको की बदल पोहोचायला मिनिट लागेल.

एकमेकांशी तुलना

समांतर जोडणीचा एक मोठा लाभ फारसा कोणी घेत नाही. तिन्ही एक्स्चेंजरना तेच पाणी, तोच दाब आणि तोच आदेश मिळत असेल, तर त्यांच्या बाहेर जाणाऱ्या पाण्याचे तापमान जवळपास सारखे असायला हवे. एकाचे अर्धा अंश वर राहू लागले, तर कारण त्या एक्स्चेंजरमध्येच शोधावे. तेवढ्याच प्रवाहाला त्याच्या सेकंडरी बाजूची दाबघट इतरांपेक्षा वाढली असेल, तर प्लेटांवर गाळ आहे. दाबघट सारखीच आहे, पण तापमान वर आहे, तर बहुधा प्रायमरीचा प्रवाह कमी पडतो आहे. अशा वेळी प्रायमरी स्ट्रेनर, व्हॉल्व्हची खरी उघड आणि वरच्या बाजूला अडकलेली हवा, या क्रमाने पाहावे. आणि एखादा एक्स्चेंजर पहिल्या दिवसापासून वेगळा वागत असेल, तर नळ्या उलटसुलट जोडल्या गेल्या आहेत का, हे तपासावे. दोन्ही पाणी एकाच दिशेने वाहत असेल, तर सेकंडरीचे बाहेर जाणारे पाणी प्रायमरीच्या बाहेर जाणाऱ्या पाण्यापेक्षा थंड होऊच शकत नाही, आणि ८ अंश कधीही मिळत नाहीत.

तुलना अर्थपूर्ण व्हावी म्हणून प्रवाहाची वाटणी सारखी असावी लागते. नवीन कामात रिव्हर्स-रिटर्न पाइपिंग (प्रत्येक शाखेतून जाण्या-येण्याची एकूण वाट सारखी ठेवणारी जोडणी) करावे. जागेअभावी ते जमले नाही, तर प्रत्येक शाखेवर बॅलन्सिंग व्हॉल्व्ह द्यावा. कमिशनिंगच्या दिवशी प्रत्येक एक्स्चेंजरची दाबघट, चारही तापमाने आणि प्रवाह नोंदवून तो कागद प्लांट रूममध्येच लावावा. सफाई केव्हा करायची, हे वर्षाच्या ठरावीक तारखेवरून न ठरवता या नोंदीशी तुलना करून ठरवावे: त्याच प्रवाहाला दाबघट एक तृतीयांशाने वाढली किंवा अ‍ॅप्रोच २ अंशांच्या पुढे गेला, की प्लेटा उघडाव्यात. उघडण्यापूर्वी फ्रेमच्या दोन टोकांतले अंतर मोजून लिहून ठेवावे आणि बोल्ट परत आवळताना तेवढ्याच अंतरावर, चारही कोपरे सारखे धरून, आणावे. जास्त आवळल्यास प्लेटा वाकतात आणि कमी आवळल्यास गॅस्केट गळते.